बाईसाहेबांची अर्धी गोळी

मांजराला गोळी देणं म्हणजे पाकिटाला तिकीट चिकटवण्याइतकं सोपं काम, असं डॉक्टरीणबाईंनी मला करून दाखवलं. दाखवताना त्यांच्या हातात कापूस भरलेलं खेळण्यातलं मांजर होतं. त्या मांजरानं मुकाट्यानं तोंड उघडलं, गोळी घेतली आणि सगळा वेळ ते हसत राहिलं. खरं मांजर, म्हणजे आमच्या बाईसाहेब, टेबलावरच्या टोपलीत आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पण त्यांचा एक कान मागे वळलेला होता. सगळा पाठ त्यांनी माझ्यापेक्षा लक्षपूर्वक ऐकला, हे मला फार उशिरा कळलं.

बाईसाहेब माझ्या नातीच्या. किंवा नात बाईसाहेबांची म्हणा, कारण घरात आधी त्या आल्या आणि मग ती. मुलगी आणि जावई कामासाठी काही महिने परगावी गेले तेव्हा नात आमच्याकडे राहायला आली आणि तिच्यामागून दोन मांजरं आली. बाईसाहेब पांढऱ्या, शेपटी तेवढी राखाडी, अंगानं काडी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की कुणीतरी आपली खुर्ची बळकावली आहे. दुसरा पैलवान. हा पट्ट्यापट्ट्यांचा बोका सगळं खातो. दूध, मासे, पावाचा चुरा, खोडरबर आणि एकदा तर माझ्या चष्म्याच्या घराचं अस्तर.

बाईसाहेबांच्या गळ्यातली एक ग्रंथी नको इतकी जोरात धावत होती आणि त्यामुळे वजन उतरत चाललं होतं. सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, जेवणावर भुरभुरायला ताकदीची पावडर, आणि जेवण म्हणजे डब्यातलं पथ्याचं, असा हुकूम झाला. पुढच्या शनिवारी पुन्हा वजन. तेव्हा काटा आणखी खाली गेला, तर दवाखान्यात ठेवून नाकात नळी घालायची आणि नळीतून भरवायचं.

नातीनं विचारलं, "नळी घालताना दुखतं का?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. "थोडं दुखतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ती वेळ येऊ द्यायची नाही."

नात त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. आठ वर्षांच्या मुलीनं असं बघितलं की माणूस शहाणपण विसरतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "न शिकणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. आजोबा तिला गोळी खायला शिकवतील. शनिवारी ती काट्यावर चढेल, उतरेल आणि आपल्याबरोबर घरी येईल."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. लहानपणी त्या माझ्याच विद्यार्थिनी होत्या. नऊचा पाढा त्यांना नऊ सक चोपन्नच्या पुढे जाऊ देत नव्हता आणि मी बाकावर त्यांच्याशेजारी बसून तो पार नव्वदपर्यंत नेला होता. आता त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, शनिवारी मी परीक्षा घेणार आहे हं."

औषधाच्या दुकानात पहिली ठेच लागली. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, कॉम्प्युटरवर बोटं ठेवली आणि पेशंटचं आडनाव विचारलं. मी म्हणालो, पेशंट मांजर आहे. तो म्हणाला, ते असू दे, पण आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही. मग मी आमचंच आडनाव दिलं. घराण्याचं नाव असं एका मांजराला देताना क्षणभर पूर्वज डोळ्यांपुढे आले. पण कॉम्प्युटर लगेच दुसऱ्या रकान्यात गेला आणि पूर्वजांचा विचार मागे पडला. व्यवसायाच्या रकान्यात आम्ही चर्चा करून "निवृत्त" लिहिलं. तुमचं पेशंटशी नातं काय, या प्रश्नावर मात्र मी अडलो. बराच विचार करून दुकानदारानंच सुचवलं, "पालक टाका."

त्यानंतर तो म्हणाला की ही गोळी ओळखपत्राशिवाय देता येत नाही, पेशंटचा फोटो लागतो. मी घरी जाऊन फोटो घेऊन आलो. त्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिशा जुळतात." मागे उभी असलेली माणसं हसली. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे माझ्यामागे हसणाऱ्या माणसांची मला सवय आहे. बाटलीवर छापून आलं होतं, "जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. गोळी घेतल्यावर वाहन चालवू नये."

आता शिकवण्याची माझी स्वतःची एक पद्धत आहे. नवीन गोष्ट मुलाच्या अंगावर एकदम टाकायची नाही. आधी वस्तू दाखवायची, हाताळू द्यायची, तिचं नाव सांगायचं, मग थोडं थोडं पुढे न्यायचं, आणि जमलं की शाबासकी. या पद्धतीनं मी डावखुऱ्यांना आणि तोतऱ्यांना शिकवलं आहे, आणि शाळेचं फाटक दिसताच भोकाड पसरणाऱ्यांनाही शिकवलं आहे. म्हणून मी चष्मा लावला, घसा खाकरला, जमिनीवर मांडी घातली आणि "हं, चला," असं म्हणून बाईसाहेबांना अर्धी गोळी दाखवली.

बाईसाहेबांनी गोळी पाहिली. हुंगली. पंजानं हळूच ढकलून कपाटाखाली घातली आणि आपणही कपाटाखाली जाऊन बसल्या. वस्तू हाताळण्याची पायरी मी कल्पिली होती त्यापेक्षा लवकर पार पडली.

दुसरी अर्धी गोळी मी कुटून पथ्याच्या जेवणात मिसळली, वर पावडर भुरभुरली आणि बशी कपाटापाशी ठेवली. बाईसाहेबांनी बशीभोवती जमीन उकरायला सुरुवात केली. मांजरं काय केल्यावर जमीन उकरतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. माझ्या पाककौशल्यावर इतका स्पष्ट अभिप्राय लग्नानंतर प्रथमच मिळाला. तेवढ्यात पैलवान आला. शिंकं तुटलं आणि बोक्याचं साधलं ही म्हण मी मुलांना कितीदा समजावून सांगितली असेल, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी समजला. त्यानं जेवण, गोळी, पावडर सगळं साफ केलं आणि बशी चाटत चाटत दाराबाहेर नेली.

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुम्ही तिला द्यायचं सोडून द्या बघू."

"सोडून कसं देऊ? शनिवारी वजन आहे."

"मी काय म्हणते ते ऐकलंत का?"

ऐकलं होतं. पण तिला म्हटलं, शिकवणं हा माझा प्रांत आहे, त्यात तू पडू नकोस. ती म्हणाली, बरं. आणि जाता जाता पुटपुटली, "औषधाच्या बाबतीत अगदी तुमच्यावर गेलीय."

हा टोमणा होता. मागच्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी मला हाडांसाठी एक पावडर दिली होती. खडूसारखा वास यायचा. आयुष्यभर खडू श्वासातून घेतला, आता तो पिणार नाही, असं मी सांगितलं आणि त्यावर घरात दोन दिवस व्यवस्थित चर्चा झाली. शेवटी तिनं तो विषय सोडला. माझे गुडघे पुढे आपोआप सुधारले. नुसत्या इच्छाशक्तीनं काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणून मी ते मुलांना सांगत असतो.

तर मुलं. दुपारी आजूबाजूची दहाबारा मुलं माझ्याकडे गणिताला बसतात. माझ्या शाळेची जुनी पितळी घंटा निरोपसमारंभात मला भेट मिळाली होती. ती वाजली की वर्ग सुटतो. त्या घंटेकडे बघताना मला एकदम सुचलं, की जो आवाज ऐकून मुलांचे चेहरे उजळतात, तो मांजराला का शिकवू नये? घंटा, मग खाऊ. घंटा, मग खाऊ. चार वेळा झालं की घंटा, खाऊ आणि खाऊत गोळी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा उंदरांना पडलेला प्रश्न. घंटा माझ्याच हातात असल्यामुळे तो मला पडलाच नाही.

पाठ उत्तम वठला. पैलवान घंटा वाजली की जिथे असेल तिथून धावत यायला लागला. एकदा तर तो शेजारच्या गच्चीवरून माझ्या मांडीवर आला. बाईसाहेबांनाही घंटेचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला. घंटा म्हणजे गोळी. त्यांनी आणखीही काही अर्थ आपणहून शोधले. माझा चष्मा म्हणजे गोळी. घसा खाकरणं म्हणजे गोळी. मी "हं" म्हटलं की "चला" यायच्या आत त्या कपाटाखाली. इतकी तल्लख विद्यार्थिनी मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. फक्त ती भलताच धडा शिकत होती.

भरीला दुपारी वर्ग चालू असताना मी तिसऱ्यांदा प्रयोग म्हणून घंटा वाजवली, आणि अपूर्णांक अर्धवट टाकून सगळी मुलं उठून घरी गेली. त्यांच्या आया विचारायला आल्या, की मास्तर, तब्येत बरी आहे ना.

आया आल्या म्हणजे बातमी गेली, आणि बातमी गेली म्हणजे सल्ले आले. सर्वांत आधी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी चार मांजरं पाळली होती, आणि ती सगळी पळून गेली असली तरी पळून जाईपर्यंत औषध घेत होती. काकू म्हणाल्या, गोळीची पूड लोण्यात कालवायची आणि पुढच्या पंजाला फासायची. मांजर स्वच्छतेचं वेडं, चाटल्याशिवाय राहणार नाही. आम्ही फासलं. बाईसाहेबांनी पंजा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि घरभर एक फेरी मारली. सोफा, नातीचं दप्तर, माझा पांढरा सदरा आणि टेबलावरचं विजेचं बिल, सगळीकडे लोण्याचे ठसे उमटले. मग पैलवाननं त्या फेरीचा मागोवा घेतला आणि सगळं चाटून काढलं. बिलावरचा आकडासुद्धा त्यानं चाटला. बिल भरायला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं कागद उजेडात धरून विचारलं की हे काय झालंय. मी म्हणालो, बोक्यानं चाटलं. तो म्हणाला, अर्जात असंच लिहा आणि दुसरी प्रत मागा. मी अर्जात असंच लिहिलं. तो अर्ज आता त्या कार्यालयात भिंतीवर लावला आहे असं ऐकतो.

खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी सुचवलं, की मूल असो वा मांजर, गाणं चालू असताना तोंड उघडतंच. त्या स्वतः येऊन गायल्या. तोंड उघडलं ते पैलवाननं, आणि तोही त्यांच्याबरोबर गायला लागला. बाई मनातून दुखावल्या, कारण सूर त्याचा बरा लागला होता.

मग वरचे टॅक्सवाले आले. ते लोकांना कर वाचवून देतात, त्यामुळे जगात अशक्य काही नाही असा त्यांचा समज आहे. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही फार लाडात घेताय. मांजर टॉवेलात गुंडाळायचं, तोंड उघडायचं, गोळी ठेवायची आणि नाकावर फुंकर मारायची. गिळतंच." बाईसाहेबांना गुंडाळण्यात एक टॉवेल, एक चादर आणि टॅक्सवाल्यांच्या मनगटाची बरीचशी कातडी खर्ची पडली. तरी शेवटी त्यांचं नुसतं डोकं बाहेर राहिलं. टॅक्सवाल्यांनी गोळी ठेवली, तोंड अगदी जवळ नेलं आणि फुंकर मारण्यासाठी मोठा श्वास आत घेतला. नेमक्या त्याच वेळी बाईसाहेब शिंकल्या.

गोळी गेली कुठे, हे आम्ही टॉवेलात शोधत होतो. टॅक्सवाले मात्र शोधत नव्हते. ते गळ्याला हात लावून उभे होते.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सांगितलं की गोळी एकदाची पोटात गेली. त्यांना फार आनंद झाला. मग मी पेशंट दुसरा असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मी अंदाजानं नव्वद किलो सांगितलं. मग त्या म्हणाल्या, एवढ्याशा औषधानं त्यांना काही व्हायचं नाही, पण मनाची खात्री हवी तर त्यांना माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवा. "आणि सर, औषध पेशंटच्या पोटात गेलं पाहिजे. बाकी कुणाकुणाच्या गेलं, ते मला मोजायचं नाही."

हे वाक्य माझंच होतं. पाढा डोक्यात गेला पाहिजे, बाकी कुठे कुठे लिहिला ते मला मोजायचं नाही, असं मी त्यांना शाळेत पाटीवर, हातावर आणि बाकावर पाढा लिहिताना पकडून म्हणालो होतो. शिक्षकानं वाक्यं जपून वापरावीत. ती परत येतात.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण गुरुवारी बाईसाहेबांनी जेवण साफ टाकलं. गोळी नाही, पावडर नाही, आणि ज्यात गोळी नव्हती ते साधं दूधसुद्धा नाही. माझ्या हातून येणाऱ्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. कपाटाखालून नुसते दोन डोळे दिसायचे. नात कपाटासमोर पालथी पडून त्या डोळ्यांशी हळू आवाजात बोलत होती. तिनं स्वतःचं ताटही तसंच ठेवलं.

मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "आजोबा, ती शिकली नाही तर तुम्ही तिला नापास करणार?"

"मी कुणालाच नापास करत नाही."

"मग नळी कुणाच्या चुकीची?"

पस्तीस वर्षांत मुलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. पृथ्वी पडत का नाही, शून्याला शून्यानं भागलं तर काय उरतं. काहींची उत्तरं आली, काहींना उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली. या प्रश्नाला उद्या नव्हता. उद्या शुक्रवार, आणि परवा काटा.

मन उदास झालं की माझं एक औषध आहे, तेवढं सांगून टाकतो. आमची ही पाहुण्यांसाठी खजुराचे गोळे करून वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे लपवून ठेवते. मला त्यांना हात लावायची सक्त मनाई आहे. चहाच्या निमित्तानं आत जायचं, बरणी हळूच काढायची, एक तोंडात टाकायचा आणि साळसूदपणे बाहेर यायचं. सुदैव असं, की त्या वेळी ती नेमकी पाठमोरी होऊन ओटा पुसत असते. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत आणि गोळे तर संपतात, हा हिशेब तिच्या अजून लक्षात आलेला नाही. तिचं गणित पहिल्यापासून कच्चं. त्या दिवशी मी दोन खाल्ले.

शुक्रवारी दुपारी मुलं आली. माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं, पण मुलांना आलेलं परत पाठवणं माझ्यानं होत नाही. सकाळची बशी तशीच भरलेली होती, गोळी आणि पावडरीसकट. खाली ठेवली तर पैलवान आहेच, म्हणून मी ती माझ्या टेबलावर ठेवली, वर वही झाकली, पैलवानला बाहेर काढून दार लावलं आणि फळ्याकडे वळलो. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, असं लिहिलं.

मागे खुसखुस झाली. शिक्षकाच्या पाठीला डोळे असतात हे खोटं आहे, पण फळ्याशेजारच्या पुस्तकांच्या कपाटाला काच असते हे खरं. मी काचेत पाहिलं. टेबलावर बाईसाहेब उभ्या होत्या. एका पंजानं त्यांनी वही बाजूला सारली होती, मान खाली घातली होती आणि दर घासाला माझ्या पाठीकडे बघून त्या खात होत्या. अगदी तसंच, जसं मागच्या बाकावरचं मूल डबा खातं.

पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "सर, तुमचं मांजर..."

"तिकडे लक्ष देऊ नका," मी फळ्याशी बोललो. "लिहून घ्या."

आणि मी लिहीत राहिलो. पावाचं अर्धं. त्याचं अर्धं. त्याचं अर्धं. वळायची सोय नव्हती. चष्मा नाकावरून घसरत होता तरी सारखा करता येत नव्हता, कारण चष्म्याला हात म्हणजे गोळी. घशात खडूची भुकटी गेली आणि खाकरायचं नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं. अपूर्णांक इतके लहान झाले की त्यांचे छेद फळ्यावर मावेनात.

तेवढ्यात काचेत मला दुसरं संकट दिसलं. घंटा वाजवायचं काम ज्या मुलीकडे असतं, ती फार वक्तशीर. भिंतीवरच्या घड्याळात सुटायची वेळ झाली होती. ती उठली आणि टेबलावरच्या घंटेकडे निघाली. बशीत अजून निम्मं जेवण होतं. ओरडता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. मी फळ्यावर जितक्या मोठ्या अक्षरांत लिहिता येईल तितक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आज घंटा नाही. कुणी हलू नका."

मुलगी थांबली. जागेवर जाऊन बसली. आणि तिनं इतरांबरोबर ते वाक्य अपूर्णांकांच्या खाली वहीत उतरवून घेतलं.

फळा संपला तेव्हा मी भिंतीवर लिहिलं. भिंत नुकतीच रंगवलेली होती. आमची ही दार किलकिलं करून डोकावली, तिनं भिंत पाहिली, टेबल पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा भिंतीबद्दल एक अक्षर न बोलता पाय न वाजवता परत गेली. बाईसाहेबांनी बशीचा तळ चाटला, टेबलावरून उतरल्या आणि मुलांच्या रांगेतून ऐटीत चालत निघून गेल्या. मी वळलो, खडू ठेवला आणि म्हणालो, "आता वाजव." मुलीनं घंटा वाजवली. असा गोड आवाज त्या घंटेतून मी नोकरीत असताना कधी ऐकला नव्हता.

मला सगळं लख्ख समजलं होतं. दिलेलं घ्यायचं नाही, चोरलं तरच गोड लागतं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि जगाला दिसत नाही असं समजतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. साफ चुकीचं. मांजर डोळे उघडे ठेवूनच पितं. डोळे मिटायचे असतात ते आपण.

संध्याकाळच्या गोळीला मी पूर्ण तयारी केली. पथ्याचं जेवण माझ्या बशीत घेतलं, टेबलाशी बसलो, चमचा भरून तोंडापाशी नेला आणि "वा, काय झालंय" असं म्हणालो. पलीकडच्या खुर्चीवर राखाडी शेपटी दिसली. मी म्हणालो, "हे माझं आहे, खबरदार." आणि डोळे मिटून डुलकी लागल्याचं सोंग केलं. चुटुचुटु आवाज यायला लागला. नात माझा गुडघा घट्ट धरून टेबलाखाली बसली होती. तिच्या हाताची पकड हळूहळू सैल झाली.

दार उघडं राहिलं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. शेजारच्या काकू लोण्याचं भांडं परत न्यायला आल्या होत्या. मांजराच्या डब्यातलं जेवण मी चमच्यानं तोंडापाशी नेतोय, वा म्हणतोय, मांजराला दम देतोय आणि बसल्या जागी झोपतोय, एवढं सगळं त्यांनी पाहिलं. त्या भांडं न घेताच गेल्या. थोड्या वेळानं टॅक्सवाल्यांकडून झाकलेलं सूप आलं. निरोप होता, पेन्शन अडली असेल तर संकोच करू नका, अर्ज मी लिहून देतो.

शनिवारी दवाखान्यात बाईसाहेबांना काट्यावर ठेवलं. नातीनं डोळे मिटून घेतले आणि माझं बोट धरलं. काटा हलला, डुलला आणि थांबला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. वजन उतरलं नव्हतं. उलट केसभर वर गेलं होतं.

"सर, पास," त्या म्हणाल्या. "कसं जमवलंत?"

मी मांजराच्या मानसशास्त्रावर दोन शब्द बोलणार होतो, पण नात आधी बोलली. "आजोबा तिचं जेवण खातात. मग ती त्यांचं चोरून खाते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि विचारलं की मला त्यातून काही त्रास तर होत नाही ना. मी खुलासा केला. त्यांना तो पटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाल्या, "काहीही असो, हेच चालू ठेवा. गोळी जन्मभर आहे."

घरी येताना टोपली नातीनं धरली होती. वाटेत ती टोपलीतल्या कानात सांगत होती की तू पहिल्या नंबरानं पास झालीस. घरी आल्यावर तिनं सकाळचं ताट आणि त्यावर आणखी थोडं, असं सगळं संपवलं. मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेलो आणि आमच्या हिला माझा सिद्धांत समजावून सांगितला. विद्यार्थ्याला औषध द्यायचं नसतं. ते लपवून ठेवायचं, त्याला हात लावायची मनाई करायची आणि आपण पाठ फिरवायची.

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?" ती म्हणाली. "द्यायचं सोडून द्या."

"तुला हे माहीत होतं? कसं?"

"सवयीनं," ती म्हणाली आणि फडकं घेऊन ओट्याकडे वळली.

मी वरच्या फळीवर हात घातला. रिकाम्या बरण्या बाजूला केल्या. खजुराचा गोळा तोंडात टाकणार, तेवढ्यात हात मध्येच थांबला. मी गोळा नाकापाशी नेला. खजुराच्या आत कुठेतरी, अगदी पुसटसा, खडूचा वास होता.

मागच्या वर्षापासूनचे माझे गुडघे, माझी इच्छाशक्ती आणि मुलांना सांगितलेली तिची उदाहरणं, सगळं एका रांगेत माझ्यापुढे उभं राहिलं.

मी तिच्या पाठीकडे पाहिलं. ओटा केव्हाच लख्ख झाला होता. ती तरीही पुसतच होती.

मी आवाज न करता गोळा तोंडात टाकला आणि साळसूदपणे बाहेर आलो.